पेशंट ‘ठीक’ आहे हे कशावरून? वॉर्डातल्या नव्या सिस्टर-ब्रदरसाठी एका पाळीचं मार्गदर्शन

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात आलेल्या माणसाचा हात काही महिन्यांत बसतो. व्हेन मिळायला लागते, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) पहिल्या प्रयत्नात जाते, ड्रेसिंगची ट्रॉली न विसरता लागते. नजर बसायला मात्र वेळ लागतो. 30-40 पेशंटांच्या वॉर्डात आत्ता कोणाकडे आधी जायचं, कोणासाठी डॉक्टरांना रात्री दोनला उठवायचं, कोणतं इंजेक्शन हातात घेऊनही थांबायचं, हे प्रोसिजर बुकात सापडत नाही.

वॉर्डातला पेशंट ‘अचानक’ गेला असं आपण म्हणतो. नंतर केस पेपर उलटून बघा. बहुतेक वेळा काही तास आधीपासून आकडे हलत असतात. ते कोणी मोजलेले नसतात, नाहीतर मोजून लिहिलेले असतात पण मागच्या आकड्याशी कोणी ताडून पाहिलेले नसतात. म्हणून खाली पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत काय बघायचं ते क्रमाने लिहिलं आहे. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा.

पायरी 1: हँडओव्हर टेबलावर नको, बेडजवळ घ्या

टेबलावर बसून घेतलेल्या हँडओव्हरमध्ये ‘बेड 7, सलाईन चालू आहे’ एवढंच कळतं. बेडजवळ गेलात तर कोणतं सलाईन आहे, किती उरलंय, हात सुजून ते आउट तर झालं नाही ना, हे दिसतं. युरोबॅग (लघवीची पिशवी) कधी रिकामी केली, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेतून काढलेल्या नळीत) काय रंगाचं किती आलंय, हे जाणाऱ्या सिस्टर समोर असतानाच बघून घ्या. त्या गेल्या की ‘हे आधीपासून होतं की आत्ता झालं’ हे सांगायला कोणी उरत नाही.

त्यांना दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला: आज यांतलं कोण बिघडेल असं वाटतं? आठ तास ज्यांनी पेशंट बघितलाय त्यांचा अंदाज फार क्वचित वाया जातो. दुसरा: काय लटकलंय? पाठवलेला पण न आलेला रिपोर्ट, केलेला पण न उचललेला कॉल, ब्लड बँकेत मागितलेली पिशवी. या लटकलेल्या गोष्टी दोन पाळ्यांच्या मधल्या फटीत पडतात.

मग कोणाकडे आधी जायचं यावरून मनातल्या मनात वॉर्डाचे गट करा. ऑपरेशनचा पहिला दिवस, ऑक्सिजनवरचे, रक्त चालू असलेले, इन्सुलिन चालू असलेले आणि आत्ताच भरती झालेले पेशंट पहिल्या गटात. कालपर्यंत बडबड करणारे आणि आज गप्प असलेले आजोबाही त्याच गटात. कण्हणारा, हाका मारणारा पेशंट आपोआप लक्ष वेधून घेतो. गप्प पडलेल्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

पायरी 2: मशीन लावण्याआधी माणूस बघा

बेडजवळ गेल्यावर ‘काय आजी, झोप लागली का?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐका. त्यांनी वाक्य एका दमात पूर्ण केलं की मध्ये श्वास घ्यायला थांबल्या? उत्तर प्रश्नाला धरून होतं का? उशीला टेकून आहेत की पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून बसल्या आहेत? विचारता विचारता त्यांचा हात हातात घ्या. गार आहे का, घामेजलेला आहे का, हे लगेच कळतं. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरणाकडे लक्ष द्यायला हवं. एवढ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

नातेवाइकांचं ऐका. ‘सिस्टर, बाबा आज काहीतरी वेगळंच बोलतायत’ हे वाक्य वैताग म्हणून घेऊ नका. म्हाताऱ्या माणसात नव्याने आलेला गोंधळ हे जंतुसंसर्गाचं, साखर उतरल्याचं, ऑक्सिजन कमी पडल्याचं किंवा लघवी तुंबल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. ‘वयामुळे होतं’ असं ठरवण्याआधी ग्लुकोमीटर लावा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) बघा, ओटीपोटावर हात ठेवा.

पायरी 3: श्वास खरोखर मोजा

कोणत्याही वॉर्डाचा टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघडा. नाडी वेगवेगळी, तापमान वेगवेगळं, श्वास मात्र सगळ्यांचा 18 नाहीतर 20. ढेकणासारखा जुना रोग आहे हा, वॉर्डातून जात नाही. बीपीचं साधं मशीन श्वास मोजून देत नाही, मोजायला मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तेवढंच आपण वाचवतो. आणि पेशंट बिघडताना सर्वांत आधी हलणाऱ्या आकड्यांपैकी श्वास हा एक आहे.

पद्धत अशी: नाडी बघताना पेशंटचा हात त्याच्याच छातीवर किंवा पोटावर ठेवा. नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडू नका, तसंच धरून छातीची हालचाल मोजा. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो. श्वास नियमित असेल तर 30 सेकंद मोजून दुप्पट करा. अनियमित असेल किंवा पेशंट पहिल्या गटातला असेल तर पूर्ण मिनिट.

आकड्यांचा अर्थ लावायला ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची न्यूज-2 ही गुणपद्धत उपयोगी पडते. ती 2012 साली आली, 2017 मध्ये सुधारली गेली. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचा बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना 0 ते 3 गुण मिळतात. नॉर्मलला शून्य, जितकं बिघडलेलं तितके जास्त गुण. श्वासाचं उदाहरण घ्या: 12 ते 20 ला शून्य, 21 ते 24 ला 2, आणि 25 किंवा जास्त असेल तर थेट 3. आठ किंवा कमी असेल तरी 3. एकूण बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं, 7 झाली की आणीबाणी. एकाच गोष्टीला 3 गुण पडले तरी निदान तासातासाने मोजायचं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये ही पद्धत नसेल तरी बेरीज स्वतःपुरती करायला कोणी अडवत नाही.

पण बेरीज म्हणजे निर्णय नव्हे. आकडा त्याच पेशंटच्या आधीच्या आकड्याशी ताडायचा असतो. ज्या काकांचा बीपी घरी 160/90 असतो त्यांचा 112/70 चार्टवर छान दिसतो, न्यूज-2 मध्येही शून्य गुण मिळवतो, आणि तरी तो त्यांच्यासाठी कमी असू शकतो. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी, गोळी घेणाऱ्याची नाडी रक्तस्रावातही फार वाढत नाही. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडतं तेव्हा) ताप येईलच असं नाही; अंग गारही पडतं. तरुण पेशंट बीपी बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो.

सॅच्युरेशनबद्दल दोन गोष्टी. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा भरवशाचा नसतो. बोट बदला, हात गरम करा, मशीनवर दिसणारी नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का बघा. आणि ऑक्सिजन चालू असताना 98 दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काल 2 लिटरवर 98 होतं आणि आज 6 लिटरवर 98 असेल तर पेशंट कालच्यापेक्षा वाईट आहे. म्हणून सॅच्युरेशन लिहिताना शेजारी लिटर लिहा. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटला कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका आहे त्याचं लक्ष्य 88 ते 92 टक्के असतं. नातेवाईक ‘नव्वदच दाखवतंय’ म्हणून घाबरले तरी ऑक्सिजन 99 पर्यंत चढवायचा नाही.

ताप उतरला, आणि पेशंट बिघडला

पावसाळ्यात आपल्याकडच्या मेडिकल वॉर्डात हमखास दिसणारी गोष्ट सांगते. 19 वर्षांचा मुलगा, डेंग्यू, आजारपणाचा पाचवा दिवस. सकाळपासून ताप नाही. आई खुश, ‘आता घरी कधी सोडणार?’ चार्टवर तापमान 37, श्वास 20, सॅच्युरेशन 98, नाडी 112, बीपी 100/82. न्यूज-2 ची बेरीज फक्त 4 येते. डॉक्टरांना लगेच बोलवायला ती सांगत नाही.

आता बीपीच्या दोन आकड्यांतला फरक काढा: 18. डेंग्यूत हा फरक 20 किंवा त्याहून कमी होणं म्हणजे शॉकची सुरुवात. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतोय, आणि शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा कसाबसा टिकवतंय. डेंग्यूचा धोक्याचा टप्पा ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, आणि एक ते दोन दिवस टिकतो. म्हणून ताप उतरलेल्या डेंग्यूच्या पेशंटकडे मी जास्त फेऱ्या मारते. पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का, मुलगा सुस्त पडलाय का, तळपाय गार आहेत का, शेवटची लघवी कधी झाली, हे प्रत्येक फेरीत विचारायचं. नातेवाईक प्लेटलेटचाच आकडा विचारत राहतात. तुम्ही त्याच रिपोर्टवरचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघा. प्लेटलेट उतरताना ते चढत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

गुणांच्या बेरजेत खालचा बीपी धरलाच जात नाही. तो आपण बघायचा.

पायरी 4: लघवी आणि सलाईन, दोन्ही मापाने

मोठ्या माणसाला दर तासाला वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली. कॅथेटर असेल तर पाळीच्या शेवटी एकदम बॅग मोजण्यात अर्थ नाही. गंभीर पेशंटची तासातासाला मोजा. कमी दिसली तर आधी नळीला पीळ पडलाय का, पेशंट नळीवर झोपलाय का, ओटीपोट फुगलंय का बघा. ते ठीक असेल तर मात्र ‘पाणी कमी प्यायलेत’ म्हणून सोडू नका.

सलाईनचे थेंब अंदाजाने सोडू नका. एकूण मिली गुणिले सेटचे एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. एका मिलीत किती थेंब ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. 20 थेंबांच्या सेटवर 500 मिली 8 तासांत द्यायचं तर 10,000 भागिले 480, म्हणजे मिनिटाला साधारण 21. मायक्रोड्रिपला (बारीक थेंबांच्या सेटला) 60 थेंबांचा एक मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हार्टच्या किंवा किडनीच्या पेशंटला सलाईन धावलं आणि तो रात्री उठून बसून खोकायला लागला, तर सलाईन थांबवून लगेच कळवा.

पायरी 5: औषध हातात घेतल्यावर

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘या पेशंटला हे आत्ता द्यावं का?’ बीपी 90/60 असताना बीपीची गोळी, नाडी 52 असताना डिगॉक्सिन (नाडी मंद करणारं हृदयाचं औषध), उपाशी ठेवलेल्या पेशंटला जेवणाआधीचं इन्सुलिन: ऑर्डर लिहिलेली असली तरी थांबा आणि विचारा. मुकाट्याने वगळू नका, मुकाट्याने देऊही नका. ‘औषध थांबवलं, कारण अमुक, डॉक्टरांना कळवलं’ असं वेळेसह लिहा.

आपल्या वॉर्डांत दोन ठिकाणी खास घोळ होतो.

एक, इन्सुलिन. आपल्याकडे बऱ्याच कुप्या एका मिलीत 40 युनिटच्या असतात, तर पेनची कार्ट्रिज आणि काही कुप्या 100 युनिटच्या. 40 साठी लाल टोपीची सिरिंज, 100 साठी केशरी टोपीची. अदलाबदल झाली तर काय होतं बघा. 100 ची कुपी आणि लाल टोपीची सिरिंज घेऊन 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली आला, म्हणजे 50 युनिट. उलट 40 च्या कुपीतून केशरी सिरिंजने 20 पर्यंत घेतलं तर फक्त 8 युनिट. सिरिंज उचलण्याआधी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवा. साखर 70 च्या खाली आली आणि पेशंट नीट गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टरांना हाक मारा आणि ऑर्डरप्रमाणे डेक्स्ट्रोज शिरेतून.

दुसरं, पोटॅशियम क्लोराइड. 10 मिलीच्या 15 टक्के अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते थेट शिरेत कधीही नाही, हृदय थांबतं. सलाईनच्या बाटलीत घातल्यावर बाटली पाच-सहा वेळा उलटसुलट करा, नाहीतर तळाशी साचलेलं पोटॅशियम आधी जातं. लटकवलेल्या बाटलीत सुईने सोडणं तर नकोच. बाटलीवर काय घातलं, किती, किती वाजता, हे लेबल लावा. आणि पोटॅशियमच्या अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नका. इन्चार्ज बाईंना आवडो न आवडो, ट्रे वेगळा करा.

रक्त लावलं की पहिली 15 मिनिटं वेग कमी ठेवा आणि पेशंटजवळच थांबा. हुडहुडी, कंबरदुखी, धाप, अंगावर पित्त: काहीही झालं तरी आधी रक्त बंद, नवीन सेटने नॉर्मल सलाईन, मग फोन. पिशवी फेकू नका, ब्लड बँकेत परत जाते. एक पिशवी चार तासांच्या आत संपायला हवी.

पायरी 6: डॉक्टरांना फोन

‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये, जरा बघायला याल का?’ या फोनवर झोपेतला हाउसमन (ड्यूटीवरचा ज्युनियर डॉक्टर) ‘व्हायटल्स बघून कळवा’ एवढंच म्हणणार, आणि त्याचंही चूक नाही. फोन करण्याआधी केस पेपर समोर, आत्ताचे आकडे कागदावर. मग चार गोष्टी या क्रमाने: कोण आणि काय झालं, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवं.

‘सर, फीमेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड 14 च्या बाई, 52 वर्षं, काल पित्ताशय काढलंय. रात्री 10 ला नाडी 88, बीपी 130/80, श्वास 16. आत्ता दोन वाजता नाडी 118, बीपी 100/60, श्वास 26, सॅच्युरेशन 96. ड्रेनमध्ये दोन तासांत 250 मिली लालभडक आलंय. दोन तासांत लघवी 30 मिली. हात गार आहेत. मला आत रक्तस्राव होतोय असं वाटतं. तुम्ही आत्ता या. येईपर्यंत काय सुरू करू?’

चार तासांत बेरीज शून्यावरून 7 वर गेली आहे. हा फोन 40 सेकंदांचा आहे आणि त्यावर ‘सकाळी बघू’ म्हणणं कोणालाही जड जातं. ‘मला वाटतं’ म्हणायला नव्या मुली घाबरतात. निदान करणं आपलं काम नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. शंका बोलून दाखवणं मात्र आपलंच काम आहे. फोनवर ऑर्डर मिळाली तर औषधाचं नाव आणि मात्रा परत वाचून दाखवा, लिहून ठेवा, डॉक्टर आल्यावर सही घ्या.

पहिल्या फोनला कोणी आलं नाही तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. तरीही नाही तर रजिस्ट्रार, मग ऑन कॉल कन्सल्टंट, सोबत नाइट सुपरवायझर. वरच्याला फोन केला म्हणून कोणी रागावेल, तर रागावू दे. वाट बघताना पेशंट सोडायचा नाही. चांगली चालणारी लाइन आहे का बघा, क्रॅश ट्रॉली (आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली) जवळ ओढा, सक्शन सुरू होतं का तपासा, वॉर्डबॉय मामांना ट्रॉली आणि ऑक्सिजन सिलिंडर तयार ठेवायला सांगा.

पायरी 7: पाठ

खाटेला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवायच्या. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. माकडहाडावर, टाचांवर, डोक्याच्या मागे हाताने चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागलं तर जखम आतून सुरू झाली आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत खाटेवर होत्या. त्यांना एकही बेडसोर होऊ दिला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. तिथल्या परिचारिकांच्या कितीतरी पाळ्यांनी ते केलं, आणि एअर मॅट्रेस नाही म्हणून अडून बसणाऱ्यांना मी हेच सांगते.

पायरी 8: लिहिणं

‘पेशंट कम्फर्टेबल, व्हायटल्स स्टेबल’ या वाक्यातून पुढच्या पाळीला काहीही कळत नाही. जे दिसलं, जे मोजलं, ज्याला सांगितलं आणि त्याने जे सांगितलं, ते वेळेसह लिहा. वरच्या बाईंची नोंद अशी होईल:

‘02.00: नाडी 118, बीपी 100/60, श्वास 26, सॅच्युरेशन 96 (ऑक्सिजनशिवाय). ड्रेन 250 मिली, लाल. लघवी 2 तासांत 30 मिली. हात गार, पेशंट शुद्धीत. 02.05: ड्यूटी डॉक्टरांना फोनवर कळवलं, येतो म्हणाले, रिंगर लॅक्टेट सलाईन (आरएल) 500 मिली वेगाने सुरू करायला सांगितलं, ऑर्डर परत वाचून दाखवली. 02.10: आरएल सुरू. 02.20: डॉक्टर आले, पेशंट तपासला.’

खाली सही आणि पूर्ण नाव. औषधापुढची खूण औषध दिल्यावर करायची, ट्रॉली भरताना नाही. धावपळीत लिहायचं राहिलं तर मधल्या रिकाम्या ओळीत घुसडू नका. ‘उशिरा केलेली नोंद’ असं म्हणून आत्ताची वेळ घाला आणि घटना कधीची ते लिहा. चुकलेला शब्द एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. व्हाइटनर केस पेपरला लावायचा नाही.